पट आणि हजेरी

स्मरणिका समितीने शाळेचा इतिहास तिघांत वाटून दिला. स्थापनेची हकिगत एकाकडे, नव्या इमारतीची दुसऱ्याकडे, आणि मधली वर्षं आमच्या घरी. "तुम्ही दोघं मिळून लिहा" असं बजावून. दोघांनी मिळून लिहिणं म्हणजे काय, हे समितीतल्या तरुण मंडळींना ठाऊक नसावं. आमच्याकडची वाटणी जुनी आहे. तारखा ह्यांच्या, वाक्यं माझी. ह्यांनी दोनशे पानी वही काढली, तांबड्या आणि निळ्या शाईत सन लिहिले, प्रत्येक सनापुढे पट लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "घे. इतिहास तयार आहे, फक्त लिहायचा राहिलाय."

पट म्हणजे दाखल मुलांची संख्या. वही चाळताना माझ्या ध्यानात आलं की ह्यांनी दुसरा आकडा दिलेलाच नाही. साहेब तपासणीला आले की दारातच दोन प्रश्न विचारत : पट किती, हजर किती? पहिल्याचं उत्तर भिंतीवरच्या तक्त्यावर रंगवलेलं असायचं. दुसऱ्यासाठी वर्गात जाऊन डोकी मोजावी लागत. आमच्या शाळेचा खरा इतिहास ह्या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि तो कुठल्याच तक्त्यावर नाही. म्हणून मी लिहायला बसले.

गावाची ओळख गावकऱ्यांना करून देण्यात अर्थ नाही, पण स्मरणिका पुण्या-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत जाणार आहे आणि त्यांची मुलं नकाशात सायखेडा शोधणार आहेत, म्हणून थोडक्यात. निफाड तालुका, गोदावरीचा काठ, पुलापलीकडे चांदोरी. आम्ही नदीला गोदावरी फक्त भूगोलाच्या तासाला म्हणायचो. एरवी ती गंगा. वर दारणा तिला मिळते, खाली नांदूरमध्यमेश्वरला कादवा, आणि तिथल्या बंधाऱ्याचा फुगवटा मागे आमच्यापर्यंत येतो. द्राक्ष, ऊस, कांदा. पिंपळगाव बाजार समितीचा उपबाजार इथे आहे, त्यामुळे कांद्याच्या हंगामात शाळेतल्या घंटेपेक्षा ट्रॅक्टरचा आवाज मोठा.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि स्कूल बोर्डाच्या शाळा परिषदेच्या झाल्या. लोकांनी मात्र नाव बदललं नाही. तेव्हाही 'मराठी शाळा' आणि आजही 'मराठी शाळा'. सातवी झाली की मुलं हायस्कुलात जात. मराठा विद्या प्रसारक समाजाने, म्हणजे १९१४ साली नाशिकला सुरू झालेल्या आपल्या 'मविप्र'ने, तालुक्यात हायस्कुलं काढली नसती तर आमचे बरेचसे विद्यार्थी सातवीवरच थांबले असते. पण हायस्कुलांचे इतिहास जाडजूड असतात, फोटोंसकट. मराठी शाळेचा इतिहास एका कपाटात मावतो, आणि त्या कपाटाची एक कडी कायम निखळलेली असते.

आता आमच्याबद्दल. ह्यांनी १९७६ ला डी.एड. केलं आणि १९७७ च्या जूनमध्ये सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झाले. सहा महिने होतात तोच राज्य कर्मचाऱ्यांचा तो ५४ दिवसांचा संप लागला. हातात नोकरी आहे पण पगार नाही, अशी नवलाईची सुरुवात. मी १९७८ ला लागले, सिन्नरच्या पूर्व भागात, जिथे पावसाळ्यातही लोक आकाशाकडे बघून बोलत. १९८१ ला आमचं लग्न झालं. त्याआधी पाहुण्यांनी मुलाची चौकशी केली ती अशी : "मुलगा शिक्षक आहे, मुलगी शिक्षिका आहे, दोन पगार." दोन पगार म्हणजे दोन गावं, हे कुणी बोललं नाही.

आठ वर्षं आम्ही पटावर एकत्र आणि हजेरीला वेगळे होतो. हे सुरगाण्याला, मी सिन्नरला, मुलं सायखेड्यात सासूबाईंजवळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की हे मिळेल त्या गाडीने घाट ओलांडून नाशिकला येत, तिथून चांदोरीच्या फाट्यावर उतरून पूल पायी ओलांडत. मी दुसऱ्या बाजूने येत असे. कधी कधी दोघं एकाच वेळी घरी पोहोचत नसू. मी आले की धाकटा सासूबाईंच्या पदराआड जाई आणि विचारी, "ह्या बाई कुठल्या शाळेच्या?" सासूबाईंना हसू आवरत नसे. मला तेव्हा आलं नव्हतं, आता येतं.

'पती-पत्नी एकत्रीकरण' हा शब्दप्रयोग मराठी भाषेला शिक्षण खात्याने दिलेली देणगी आहे. लग्नाने जे व्हायला हवं ते अर्जाने व्हायचं, आणि अर्जाला जोडायचं लग्नाचं प्रमाणपत्र. आम्ही किती अर्ज केले ते ह्यांच्या वहीत आहे. मी इथे देत नाही, समिती म्हणेल इतिहास लिहायला सांगितला होता. २०१७ पासून बदल्या संगणकावर होतात. जोडप्यांसाठी वेगळा संवर्ग आहे, तीस किलोमीटरचा निकष आहे. नवी पोरं त्या तीस किलोमीटरवरूनही कुरकुरतात. कुरकुरू देत. आम्ही मात्र त्या नियमाकडे, उतारवयात दुसऱ्याचं बाळ बघावं, तसे बघतो.

ह्याच तालुक्याच्या निफाड गावात १८ जानेवारी १८४२ ला न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म झाला. त्यांनाही बदल्या काही कमी झाल्या नाहीत. नाशिक झालं, धुळं झालं. फरक एवढाच, की रमाबाई प्रत्येक ठिकाणी बरोबर गेल्या. घरात त्यांना शिकवणारे रानडेच, आणि नाशिकच्या मुक्कामात चार लोकांसमोर बोलायला उभं करणारेही तेच. पुढे ह्याच रमाबाई पुण्यात सेवासदनाच्या कर्त्या झाल्या. शाळेत रानड्यांचा धडा शिकवताना मी दरवेळी मुलांना सांगायची, "हे आपल्या तालुक्यातले." मागच्या बाकावरून एकदा प्रश्न आला, "बाई, त्यांचं एकत्रीकरण लगेच कसं झालं?" हा प्रश्न त्या पोराचा नव्हता, त्याच्या घरच्या कुणा शिक्षकाचा होता.

१९८९ च्या जूनमध्ये आम्ही दोघं एकदाचे ह्या शाळेत एकत्र आलो. पहिल्या दिवशी अडचण झाली ती हाक मारण्याची. घरात 'अहो', शाळेत काय? मुलांसाठी ते गुरुजी होते. मी 'सर' म्हणू लागले, हे मला 'बाई' म्हणू लागले, आणि हळूहळू घरीही तेच तोंडी बसलं. आजही आमच्याकडे "बाई, चहा" आणि "सर, गॅस संपलाय" असं चालतं. सुनेला आधी विचित्र वाटलं. आता तीही मला 'बाई'च म्हणते. चार-पाच वर्षांनी सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापकपदाचा कार्यभार ह्यांच्याकडे आला, म्हणजे नवरा साहेब झाला. माझ्या किरकोळ रजेच्या अर्जावर ह्यांची सही लागू लागली. रजेचं कारण 'घरगुती' असं लिहिलं तर हे खरोखर विचारायचे, "घरगुती म्हणजे काय?"

कपाटाबद्दल मघाशी म्हटलं. त्यात सगळ्यात खाली जनरल रजिस्टर. आजवर ह्या शाळेत जो जो आला त्याचं नाव, जात, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, का गेला. एकेका माणसाला एकेक ओळ. जन्मतारखेचा रकाना वरून खाली बघत गेलं तर एक गंमत दिसते. १ जून. १ जून. १ जून. जन्मनोंद नाही, आई सांगते "दुष्काळाच्या आदल्या साली", बाप सांगतो "कांद्याला भाव होता तेव्हा", आणि गुरुजी जून महिन्यात सहा वर्षं पूर्ण होतील असा हिशेब करून १ जून लिहून मोकळे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचा वाढदिवस असा मास्तरांनी ठरवलेला आहे. आमच्या ह्यांचाही १ जूनच. सासूबाई सांगत की हे पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले, बैलांची शिंगं रंगवत होते आणि सुईणीला बोलवायला माणूस नव्हता. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. त्यामुळे ह्यांनी स्वतःच्या खऱ्या वयापेक्षा दोन-तीन महिने कमी नोकरी केली, असा ह्यांचा एक जुना दावा आहे.

कपाटाशेजारी पत्र्याची एक पेटी होती. १९८७ ला खडू-फळा मोहीम सुरू झाली. दिल्लीत तिचं नाव काहीतरी शस्त्रक्रियेसारखं होतं, आपल्याकडे साधं सुटसुटीत झालं. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य. साहित्यात पृथ्वीचा गोल, तक्ते, विज्ञानाच्या वस्तू, वाद्यं. मी रुजू झाले तेव्हा ती पेटी कुलपात होती. आधीच्या कुणी तरी सगळं साहित्य डेड स्टॉकला नोंदवून ठेवलं होतं, आणि डेड स्टॉकची वस्तू फुटली तर जबाबदारी कुणाची, ह्या भीतीने पृथ्वी पेटीतच फिरत होती. माझा आणि ह्यांचा पहिला शालेय वाद ह्या पेटीवरून. मी म्हटलं, काढा. हे म्हणाले, निर्लेखनाचं काय, म्हणजे फुटलेली वस्तू नोंदीतून कमी कशी करायची? शेवटी मीच काढली. गोल तिसऱ्या आठवड्यात बाकावरून पडला, प्रशांत महासागराला चीर गेली. पुढची पंधरा वर्षं मुलं त्या चिरेला बोट लावून "बाई, ही कुठली नदी?" विचारत. निर्लेखनाचं काय झालं ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला वाटतं खिशातून भरले.

आता हजेरीकडे येते.

आमच्या भागातली शाळा जूनमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरपर्यंत भरलेली असते. मग द्राक्षाची गोडीबार छाटणी निघते. छाटणीमागून डिपिंग, थिनिंग. ह्या कामात लहान हातांना मागणी. नोव्हेंबरला तेव्हा भाऊसाहेबनगरच्या कारखान्याचा गळीत हंगाम लागे, ऊसतोडीच्या टोळ्या येत. त्यांची मुलं आमच्या पटावर नसत आणि त्यांच्या गावच्या पटावर असत, पण असत आमच्या शिवारात, पाचटाच्या कोपीत. आणि डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण. ह्या लागणीने माझे वर्ग जेवढे रिकामे केले तेवढे कुठल्या साथीने केले नाहीत. बायकांची टोळी एकराने उक्तं काम घेते. सकाळी सहाला रोप उपटायला, मग दिवसभर वाफ्यात ओणवं. आई टोळीत गेली की धाकट्याला बांधावर झोळीत कोण सांभाळणार? तिसरी-चौथीतली मुलगी. मुलगा शाळेत, मुलगी बांधावर. जानेवारीत मी हजेरी घ्यायची तेव्हा मुलांच्या नावांना "हजर बाई" असा गजर आणि मुलींच्या नावांना शांतता, मध्येच एखादा भाऊ बसल्या जागेवरून ओरडणार, "ती कांदे लावायला गेलीय."

१९९५ च्या १५ ऑगस्टपासून पोषण आहाराची योजना आली. शिजवलेली खिचडी नंतरची. सुरुवातीला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. अट एकच, ऐंशी टक्के हजेरी. बारकी वाटते, पण हिशेब करा. महिन्यात कामाचे दिवस चोवीस असले तर वीस दिवस हजर हवं. एकोणीस भरले तर तांदूळ नाही.

माझ्या चौथीत एक मुलगी होती. नाव देत नाही, तिला आता सून आहे. गणितात तरबेज, पाढे उलटे म्हणायची. लागणीच्या महिन्यात ती चौदा दिवस आली. हजेरीपत्रकात दहा खाडे. महिनाअखेरीला तांदळाची यादी करायची होती, मी पत्रक पुढ्यात घेऊन बसले, आणि त्या दहांपैकी सहा खाडे मी हजेरी केले. निळ्या शाईने, सावकाश, खाड्याच्या खुणेवरून तिरकी रेघ ओढून. चौदा आणि सहा, वीस. माझ्या मनात तेव्हा पाप नव्हतं. घरी तांदूळ जाईल, आणि तांदळासाठी का होईना पुढच्या महिन्यात आई तिला पाठवील, इतका साधा विचार.

यादी सहीला गेली. हे सही करण्याआधी पत्रक आणि यादी ताडून बघत. आणि रोज दुपारी मधल्या सुट्टीनंतर वर्गावरून फेरी मारून डोकी मोजत, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवत. त्या चिठ्ठ्या ह्यांच्या टेबलाच्या खणात रबर लावून असत. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ह्यांनी मला थांबवलं. दारं लावलेली, फळ्यावर शेवटच्या तासाचं गणित तसंच. म्हणाले, "बाई, हे हजेरीपत्रक आहे, दानपत्र नाही."

मी खूप बोलले. तांदूळ तुमच्या घरचा जातो का, म्हणाले. आठ वर्षं आपली नावं एका रेशनकार्डावर होती आणि माणसं दोन तालुक्यांत, तेव्हा कुठला कागद खरा होता, असंही म्हणाले. हे ऐकून घेत राहिले. मग त्यांनी यादीतलं ते नाव खोडलं, खाली छोटी सही केली आणि पत्रकातल्या माझ्या सहा रेघांना तांबड्या शाईने गोल केले. आम्ही घरी मागे-पुढे चालत गेलो. तीन दिवस आमच्यात फक्त 'सर' आणि 'बाई' होतं, ते शाळेतलं.

चौथ्या दिवशी रात्री जेवताना हे म्हणाले, "ती शाळेत येत नाही तर शाळा तिकडे नेऊ." वस्तीवर गोठ्याशेजारी एक पडवी होती. साडेसात ते नऊ. वीज भारनियमनाच्या मर्जीवर, म्हणून कंदील घरून न्यायचा. कांदे लावून आलेल्या मुलींची बोटं वाळलेल्या चिखलाने पांढरी पडलेली असत, पेन्सिल धरताना आखडत. पहिल्या रात्री पाच जणी आल्या. आठवड्यात अकरा. दोन आयाही येऊन बसू लागल्या, "आम्ही नुसतं ऐकतो" म्हणत. तो वर्ग आम्ही चार हंगाम चालवला. माझ्या चौतीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत... हे इथे दुरुस्त करतील, अडतीस वर्षांच्या नोकरीत इतकी भरगच्च हजेरी मला दिवसा कधी मिळाली नाही. आणि ती कुठल्याही पत्रकात नाही. त्या मुली सरकारदरबारी गैरहजर होत्या.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं की हे आमचं काही नवं नव्हतं. चित्रा नाईकांनी १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत नेमके असेच संध्याकाळचे वर्ग चालवले होते, नऊ ते चौदा वयाच्या कामकरी मुलांसाठी, आणि तिथेही मुलीच जास्त आल्या. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. आपण पहिले नाही ह्याचं. चित्राताई आणि जे. पी. नाईक हे जोडपं आम्हाला डी.एड.पासून ओळखीचं, म्हणजे परीक्षेपुरतं. जे. पी. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, १९०७ चा जन्म. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. १९६६ च्या त्या अहवालावर दहा मार्कांचा प्रश्न ठरलेला. चित्राताई पुण्याच्या, १९१८ च्या. राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या, पुढे नियोजन आयोगावर गेल्या. नाईकांनी १९४८ ला मुंबईत काढलेली आणि पुढे पुण्यात आलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ते १९८१ ला गेल्यावर चित्राताईंनी सांभाळली आणि वाढवली. त्या २०१० पर्यंत होत्या. जे. पीं.चं १९७५ चं एक इंग्रजी पुस्तक आहे, समता, गुणवत्ता आणि संख्या ह्या तीन कोनांच्या न जुळणाऱ्या त्रिकोणावर. ह्यांनी ते नाशिकहून मिळवून डिक्शनरी घेऊन वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे आपलं भांडण." मी म्हटलं, कोणतं? "तू समता, मी संख्या." गुणवत्ता कोण, ते काही बोलले नाहीत.

पुढची वर्षं भराभर सांगते, कारण ती सगळ्यांच्या आठवणीत आहेत. २००० च्या जूनपासून पहिलीला इंग्रजी आलं आणि आम्ही पन्नाशीकडे झुकलेल्या बायका 'ए फॉर' करत बडबडगीतांवर नाचलो. त्याच वर्षी शिक्षणसेवक आले, महिना तीन हजारावर; आमच्या शाळेत आलेल्या मुलाला खोलीभाडं देऊन जेवणापुरतं उरत नसे, तो आमच्याकडेच जेवायचा. खिचडी शिजू लागली, धूर वर्गात येऊ लागला, मग शेड झाली. २००१ ते २००७ हे पुलापलीकडच्या शाळेवर होते. सहा वर्षं रोज पूल. खासगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात शिरल्या आणि पहिल्यांदाच पट खाली आला. बागायतदारांची मुलं गेली, मजुरांची राहिली.

ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी मात्र भराभर सांगण्यासारखी नाही. राज्यात शाळाशाळांतून खोटा पट दाखवला जातो म्हणून ३ ते ५ तारखेला एकाच वेळी सगळीकडे मुलं मोजली. दुसऱ्या खात्यांचे कर्मचारी आले, आणि एक मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला निवडणुकीची शाई. लहानग्यांना काय आनंद! पहिलीतला एक जण म्हणाला, "बाई, मी मत दिलं." शिक्षकांमध्ये मात्र मुकेपणा होता. खोटेपणा करणारे होते, सापडलेही; पण त्या दिवशी प्रत्येक शिक्षक आपापल्या वर्गात आरोपीसारखा उभा होता. आमच्या शाळेचा आकडा जुळला. हे घरी आल्यावर खण उघडून जुन्या चिठ्ठ्यांची ती रबर लावलेली गड्डी बघत बसले. मी चहा ठेवला आणि माझ्या सहा रेघा आठवल्या. पंधरा वर्षं आधी ही शाई असती तर ती मुलगी बांधावर आहे हे कळायला फेरी मारावी लागली नसती. अर्थात तिला पडवीत आणायला शाईचा उपयोग नव्हता.

१ जूनच्या जन्माचा माणूस ३१ मेला निवृत्त होतो. म्हणजे ऐन सुट्टीत. निरोपसमारंभ एप्रिलमध्येच उरकलेला असतो, शाल-नारळ घरी येऊन पडलेलं असतं, आणि शेवटच्या दिवशी शाळेत कुणी नसतं. हे २०१४ ला असे निवृत्त झाले, मी २०१६ ला. हो, माझाही १ जून. ३१ मे २०१६ ला मी एकटी गेले, चावी शेजारच्या टपरीवरून घेतली, शिक्षक हजेरीवर सही केली. बाकं भिंतीला रचलेली होती. गोल खिडकीत होता, प्रशांत महासागरातल्या नदीसकट.

दोन महिन्यांनी गंगा आली.

१९६९ चा पूर ह्यांनी तेरा वर्षांच्या वयात पाहिला होता आणि २००८ चा आम्ही दोघांनी. पण २ आणि ३ ऑगस्ट २०१६ ला जे झालं ते वेगळंच. गंगापूर धरणाचा विसर्ग, दारणेचं पाणी आणि खालून फुगवटा. पुलाला पानवेलींची गच्च भिंत अडकली, पुलावरून पाणी गेलं, बाजारपेठ बुडाली. आमच्या घरात ओट्यापर्यंत पाणी. हे वरच्या मजल्यावरून सारखे एकच म्हणत होते, "खालचा कप्पा, खालचा कप्पा." शाळेच्या कपाटाचा. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ तसाच टाकून हे शाळेकडे गेले. आता त्यांचं तिथे काही नव्हतं, नवे मुख्याध्यापक होते; तेही चिखलात उभे. दोघांनी मिळून जनरल रजिस्टर बाहेर काढलं. फुगून दुप्पट झालेलं, बांधणी सुटलेली.

कागद उन्हात वाळवला तर कडक होऊन तुटतो आणि ऊन तरी कुठे होतं. शेवटी एका विद्यार्थ्याच्या कांदाचाळीत जागा मिळाली. चाळीला खालून, बाजूंनी हवा; कांदा टिकतो तसा कागदही टिकेल, हा त्याचाच तर्क. बांबूच्या ताटीवर वर्तमानपत्र, त्यावर एकेक पान, पानांमध्ये पावडर. आम्ही तिघं-चौघं आठवडाभर पानं उलटत होतो. टाकाच्या शाईतली जुनी पानं बरीच वाहून गेली, निळे ओघळ तेवढे राहिले. बॉलपेनने लिहिलेली टिकली. म्हणजे मोत्यासारखं अक्षर असलेल्या जुन्या गुरुजींच्या नोंदी गेल्या आणि आमच्या कोंबडीच्या पायाच्या राहिल्या. त्या ओघळांतून दिसतील तेवढी नावं ह्यांनी भिंग लावून पुढच्या दोन वर्षांत उतरवून काढली. २०१९ च्या ऑगस्टला पुन्हा पाणी आलं तेव्हा रजिस्टर आधीच वरच्या मजल्यावर होतं.

कांदाचाळीत पानं लावताना मी आधी तिचं पान शोधलं. ते जवळजवळ कोरडं होतं. नाव, १ जून, प्रवेश पहिलीत, गेली पाचवीतून. शाळा सोडण्याचं कारण ह्यांच्या अक्षरात, स्वच्छ : 'सतत गैरहजर'. गेल्या वर्षी ती दाखल्याची नक्कल घ्यायला आली होती. बांधावर झोळीतला तिचा भाऊ आता द्राक्ष निर्यात करतो. ती स्वतः टोळीची मुकादम आहे, वीस बायकांचा हिशेब तोंडी करते. दाखला वाचून म्हणाली, "बाई, रात्रीचं ह्यात नाही का?" मी नाही म्हटलं.

लेख संपवून काल ह्यांना वाचायला दिला. चष्मा लावून, तांबडं पेन घेऊन बसले. सहा रेघांच्या भागाशी खूप वेळ थांबले. मला वाटलं, म्हणतील हे छापायचं नाही. पेन टेकवलं, 'लागणीच्या महिन्यात' ह्या शब्दांवर बारीक खूण केली आणि समासात लिहिलं : "डिसेंबर १९९६. जानेवारीत कामाचे दिवस तेवीस होते, मग एकोणीस भरले तरी चाललं असतं."